धरून ठेवायचं कुणी?

दिवाळीच्या आधी माळा काढायचा, हा आमच्या खोपटच्या घरातला जुना नियम. या खेपेला पितळी डबे, मोडका पाळणा आणि कुणीच धड न वाचलेले दिवाळी अंक यांच्या मागून आमचा व्हीसीडी प्लेयर निघाला. चंदेरी, चपटा, वर बोटभर धूळ. त्याच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन सीड्या. ताईच्या लग्नाच्या, २००१ सालच्या.

या तीन सीड्या म्हणजे काय हे आमच्या नातेवाईक वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. मूळ कॅसेट शूटिंगवाल्याकडेच राहिली आणि पुढे तो कुठे गेला देव जाणे. आजी हलताबोलताना दिसते ती फक्त या सीड्यांत. तिचे फोटो ढीगभर आहेत, पण फोटोतली आजी कॅमेरा दिसला की पाठ ताठ करून गंभीर बसायची. सीडीतली आजी हळदीच्या गडबडीत कुणाला तरी नारळावरून झापते आहे. ती आजी खरी.

आता घरातल्या एकाही लॅपटॉपला सीडी घालायला जागा नाही. एक बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणून पाहिला, त्याने पहिली सीडी घेतली, थोडा वेळ घरघर केली आणि बाहेर टाकली. तेव्हा ठरवलं की हाच जुना प्लेयर उघडायचा. चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत ते दिसलं. हरभऱ्याच्या डाळीएवढं निळसर भिंग. कान साफ करायच्या काडीने हळूच स्पर्श केला तर ते खाली दबलं आणि सोडल्यावर परत वर आलं. डुलत डुलत. बाजूला ढकललं तर बाजूला गेलं, पुन्हा मध्यावर आलं. वीस-बावीस वर्षं माळ्यावर काढली, आणि आपली जागा विसरलेलं नव्हतं!

तिथेच फतकल मारून बसलो. आणि खोपटच्या एसटी डेपोजवळच्या एका दुकानातले रिपेअरवाले काका आठवले.

दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, सोल्डरचा वास. आमचा प्लेयर आजारी पडला की मी तो पिशवीत घालून त्यांच्याकडे न्यायचो आणि काम होईपर्यंत स्टुलावर बसायचो. सीडी अडकायला लागली की सगळ्यांचं एकच निदान असायचं, 'लेन्स गेली'. काका मात्र म्हणायचे, लेन्स कुठे जात नाही रे, ती तिथेच असते. तिच्या खालचा लेसर म्हातारा होतो. मग ते बारीक स्क्रूड्रायव्हरने हेडवरचं एक इवलंसं पॉट किंचित फिरवायचे. लेसरला थोडा जास्त करंट जायचा, प्लेयर पुन्हा चालायचा. "सहा महिने चालेल. मग लॅमिंग्टन रोडवरून नवीन हेड आणावं लागेल," हेही सांगून ठेवायचे, कारण जास्त करंटने लेसर आणखी लवकर म्हातारा होतो. गिऱ्हाइकापासून लपवायचे नाहीत.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, एवढंसं भिंग हलवायला दोन दोन कॉइल कशाला? त्यांनी उलट मलाच विचारलं, "आणि हलवून झाल्यावर धरून ठेवायचं कुणी?"

तेव्हा काही कळलं नाही. पुढे नोकरीत या विषयाशी थोडाफार संबंध आला, हौसेने वाचतही राहिलो, आणि हळूहळू लक्षात आलं की भिंगं आणि आरसे हलवण्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो आहे. हलवायला ऊर्जा लागतेच, पण ती क्षणभर. खरा खर्च असतो धरून ठेवण्याचा.

आधी आमच्या प्लेयरचंच बघू. सीडीवरची माहिती एका लांबलचक सर्पिल रेषेत लिहिलेली असते आणि शेजारशेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये अंतर असतं १.६ मायक्रॉन. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा चाळीसेक फेऱ्या सहज मावतील. भिंगाने लेसरचा ठिपका नेमका त्या रेषेवर ठेवायचा, आणि भिंगापासून सीडीचं अंतर एक-दोन मायक्रॉनपेक्षा जास्त चुकू द्यायचं नाही. इकडे सीडी मात्र मिनिटाला दोनशे ते पाचशे फेरे घेत असते आणि पापडासारखी किंचित वाकडी असते. काठाशी ती जवळपास अर्धा मिलिमीटर वरखाली होते, म्हणजे चालणाऱ्या चुकीच्या शेकडोपट. म्हणून भिंगाला तिच्याबरोबर सतत नाचावं लागतं. वरखाली एक दिशा, आत-बाहेर दुसरी. दोन दिशांसाठी दोन कॉइल, शेजारी छोटी चुंबकं.

भिंगाला कळतं कसं की आपण लांब गेलो की जवळ आलो? यातली युक्ती मला फार आवडते. परत येणारा प्रकाश एका दंडगोल भिंगातून चार तुकड्यांच्या संवेदकावर पाडतात. अंतर बरोबर असेल तर ठिपका गोल पडतो. सीडी जवळ आली तर तो एका कर्णावर लांबट होतो, दूर गेली तर दुसऱ्या कर्णावर. समोरासमोरच्या तुकड्यांच्या बेरजा करून वजाबाकी केली की भिंग वर न्यायचं का खाली, ते कळतं. यात संगणक लागत नाही, साधं इलेक्ट्रॉनिक सर्किट पुरतं.

तर काकांचा प्रश्न. भिंग धरून ठेवतं कोण? त्याला धरतात चार बारीक तारा, आपल्याच लवचिकपणाने. भिंगाची मधली जागा ही तारांची विश्रांतीची जागा. कॉइलला भिंगाचं ओझं बहुतेक पेलावं लागतच नाही, ती फक्त सीडीच्या वाकडेपणापुरती दुरुस्ती करते. आणि दुरुस्ती दोन्ही बाजूंची असल्यामुळे करंट कधी इकडून, कधी तिकडून. सरासरी शून्याच्या आसपास.

याचा हिशेब एकदा कळला की आयुष्यभर डोक्यातून जात नाही. कॉइलमधला जोर करंटच्या प्रमाणात वाढतो, पण तारेत वाया जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे भिंग आणि त्याची चौकट निम्म्या वजनाची केली की जोर निम्मा पुरतो, करंट निम्मा लागतो आणि उष्णता पावपट होते. म्हणून तर काचेच्या अनेक भिंगांऐवजी एकाच तुकड्यात साच्यातून काढलेलं प्लास्टिकचं भिंग १९८० च्या दशकातच आलं. स्वस्त तर ते होतंच. पण हलकं होतं, हे जास्त महत्त्वाचं.

ही कॉइल-चुंबकाची जोडी मूळची लाउडस्पीकरची. तिला अजूनही व्हॉइस कॉइलच म्हणतात, मग आवाजाशी तिचा संबंध असो वा नसो. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ साली हलत्या कॉइलच्या स्पीकरचं पेटंट घेतलं, १९२५ मध्ये अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी तिचा व्यवहारात चालणारा स्पीकर केला. भिंग हलवायला ती आणली व्हिडिओ डिस्कवाल्यांनी. फिलिप्सने आयंटहोव्हनला १९७२ मध्ये लेसरने वाचायची डिस्क दाखवली, १९८२ मध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेयर जपानात विकायला आला, आणि १९८४ मध्ये हातात धरायचा डी-५०. हातात धरायचा म्हणायचं, पण बॅटरीवर चालवायला शेजारी सहा जाड सेलांची वेगळी पेटी लटकवावी लागायची! कॉलेजात माझ्या मित्राकडचा डिस्कमन मात्र दोन पेन्सिल सेलवर चालायचा आणि सेल आठवडाभर टिकायचे. मधल्या काळात सर्किटं एका चिपवर आली, गाणं आधीच मेमरीत भरून मोटर थांबवायची सोय झाली आणि भिंगाची हालचालही काटकसरीने व्हायला लागली. व्हीसीडी १९९३ सालची. एका सीडीवर ७४ मिनिटं, म्हणून हिंदी सिनेमाला दोन सीड्या आणि ताईच्या लग्नाला तीन.

पण 'धरून ठेवायचं कुणी' हा प्रश्न सीडीहून बराच जुना आहे. त्यासाठी पुण्याला जावं लागेल, आणि तिथून जेऊरला.

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (आजचं सीओईपी) कावसजी दादाभाई नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि मुंबई सरकारची मदत यांतून त्यांनी १८८८ च्या सुमारास तिथे महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. डब्लिनच्या ग्रब कारखान्याची २० इंची दुर्बीण तिथे होती, पुढे अनेक वर्षं ती देशातली सगळ्यात मोठी. सीओईपीत शिकलेल्या माझ्या मित्रांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं, आणि मीही फार नंतर वाचलं. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. असो.

अशा दुर्बिणीला आकाशाच्या फिरण्याबरोबर रात्रभर फिरावं लागतं. विजेची मोटर तेव्हा कुठून आणणार? दोरीला वजन टांगायचं, ते हळूहळू खाली येतं, त्याचा वेग एक फिरतं नियंत्रक आवरून धरतं आणि दातेरी चाकांवाटे दुर्बीण फिरते. जुन्या भिंतीवरच्या घड्याळासारखंच. एवढ्या अवजड यंत्राला एक पडतं वजन पुरतं कसं? कारण दुर्बीण तिच्या अक्षावर तोलून बसवलेली असते. नळीच्या वजनाला पलीकडून उलटं वजन. भरलेली हातगाडी आसावर नीट तोलली असेल तर हातगाडीवाला दोन बोटांनी दांडी धरून चालतो ना, तसं. धरून ठेवायचं काम तोल करतो. यंत्राला फक्त घर्षणावर मात करायची असते.

आता जेऊर. सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं रेल्वे स्टेशन. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. प्लेगचे दिवस होते, तरी देशोदेशीचे लोक आले. लॉकियर विजयदुर्गच्या किल्ल्यावर उतरले. (तिथले 'साहेबाचे कट्टे' त्या वेळचे. हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला हे जे ईमेलमधून आणि आता व्हॉट्सॲपवरून फिरतं, ते मात्र खरं नाही. हेलियमची रेषा १८६८ ची, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते. किल्ला तेवढ्याने लहान होत नाही.) नायगमवालांनी आपला तळ जेऊरला टाकला, आणि तिथेच कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले, चाळीस फुटी कॅमेरा घेऊन.

चाळीस फुटी! सूर्याचा प्रभामंडल मोठा दिसावा म्हणून एवढी लांबी. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, तेवढ्यात सूर्य सरकत राहणार. एवढी नळी उचलून त्याच्यामागे फिरवायची म्हणजे केवढा सांगाडा, केवढं तोलाचं वजन आणि वाऱ्याने ती हलणार ते वेगळंच. हा कॅमेरा लिकच्याच शेबर्ले यांनी १८९३ च्या चिलीतल्या ग्रहणासाठी योजला होता आणि त्यांचा उपाय असा की नळी हलवायचीच नाही. भिंग उंचावर पक्कं बसवायचं, ग्रहणाच्या वेळी सूर्य जिथे असेल तिकडे तोंड करून. खाली फोटोची काच एका गाड्यावर ठेवायची, आणि घड्याळाच्या यंत्राने तो गाडा रुळावरून हळूहळू सरकवायचा, सूर्याच्या प्रतिमेच्या वेगाने. चाळीस फुटांतलं सगळं स्थिर, हलणार फक्त काच.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या. कारण २०२० मध्ये आयफोन १२ प्रो मॅक्स आला तेव्हा त्यात नवं म्हणून जे सांगितलं गेलं ते हेच होतं, हात हलला तर भिंग न हलवता खालचा सेन्सर हलवायचा. आकार नखाएवढा आणि कारण वेगळं, पण निवड तीच. सगळं हलवता येण्यासारखं असेल तर त्यातलं सगळ्यात हलकं शोधायचं आणि तेवढंच हलवायचं. जेऊरच्या माळावर १८९८ साली हे होऊन गेलेलं आहे, आणि लॉजचं कॉइलचं पेटंटही त्याच वर्षीचं. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. मला आवडला म्हणून सांगितला.

फोनचा विषय निघालाच आहे तर त्यात काकांचा प्रश्न कसा पुन्हा उभा राहिला ते सांगतो. फोनच्या कॅमेऱ्यातलं भिंग फोकससाठी पुढेमागे सरकतं, तेही कॉइल आणि चुंबकानेच. सुरुवातीच्या रचनेत ते एका टोकाला स्प्रिंगने दाबून टेकवलेलं असायचं. दूरचं दृश्य हवं असेल तर काही करायला नको, पण जवळचं हवं असेल तर स्प्रिंगशी झुंजत भिंग उचलायचं आणि फोटो किंवा व्हिडिओ होईपर्यंत तसंच उचलून धरायचं. भरलेली बादली हात लांब करून धरण्यासारखं. बादली हलत नाही, पाणी कुठे जात नाही, तरी हात भरून येतो. करंट वाहतच राहतो, बॅटरी उतरते, कॅमेरा तापतो. मग भिंग मधल्या जागी तरंगत ठेवून दोन्हीकडे ढकलायची रचना आली. करंट निम्म्यावर आला की उष्णता पावपट, तोच हिशेब.

पुढे हाताची थरथर खोडून काढायला भिंग आडवंही हलवायला लागले. २०१२ च्या नोकिया लुमिया ९२० मध्ये ते गाजलं. अशा बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकसची सगळी जोडणी चार उभ्या बारीक तारांवर टांगलेली असते. पुन्हा चार तारा! फोन बंद किंवा कॅमेरा बंद असताना कानाशी धरून हळूच हलवा, काही फोनमधून टकटक ऐकू येईल. काही मोडलेलं नाही. धरून ठेवणारा करंट नाही म्हणून भिंग मोकळं आहे, एवढंच.

याचीही किंमत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर सूचना दिली की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवू नका, त्या थरथरीने कॅमेऱ्यातली ही यंत्रणा बिघडू शकते. घोडबंदर रोडवरून रोज फोन हँडलला लावून जाणारी डिलिव्हरीची पोरं बघतो तेव्हा मला त्या तारांचीच काळजी वाटते. भाच्याने त्याच्या बुलेटवर हाच प्रयोग केला. त्याच्या फोनचे फोटो आता पाण्याखालून काढल्यासारखे येतात.

दुसरे मार्ग आहेत. केसाहून बारीक अशी एक मिश्रधातूची तार असते, तापवली की आखडते, निवली की सैल होते. तिला जोर फार, जागा कमी, चुंबक नको. पण आखडलेली ठेवायची तर तापतीच ठेवावी लागते, म्हणजे बादली आलीच. विजेने किंचित फुगणाऱ्या स्फटिकाने भिंगाला घर्षणावर सरकवणारे मोटरही आहेत. त्यांचा गुण असा की सोडलं तिथे भिंग थांबतं, धरायला वीज शून्य. मात्र ज्या घर्षणाने धरलं तेच घर्षण हलवताना आडवं येतं, आणि झिजतं. सगळ्या चांगल्या गोष्टी एकाच यंत्रात मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

आता यात आपल्याकडे काय चाललंय, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. पुण्याची आयुका, बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि नैनितालची एरीज या तिघी मिळून तीस मीटर दुर्बिणीच्या प्रकल्पात आहेत. भारत डिसेंबर २०१४ मध्ये त्यात पूर्ण भागीदार झाला. तीस मीटरचा अखंड आरसा करता येत नाही, म्हणून ४९२ षटकोनी तुकडे, प्रत्येक जवळपास दीड मीटरचा. प्रत्येक तुकड्याच्या पाठीशी तीन ॲक्चुएटर. तिन्ही एकदम ढकलले तर आरसा पुढे सरकतो, कमीजास्त ढकलले तर कलतो. एकूण १,४७६. हे ॲक्चुएटर, आरशांच्या कडांवरचे संवेदक आणि तुकड्यांचे आधार, हे भारताच्या वाट्याचं काम.

हवाईतल्या केक दुर्बिणीला १९९० च्या दशकात ३६ तुकडे आणि १०८ ॲक्चुएटर होते, आणि ते स्क्रूचे होते. स्क्रूचं बरं असतं, वीज गेली तरी जिथल्या तिथे. पण स्क्रू ताठ. वाऱ्याचा धक्का आणि यंत्रांची थरथर शोषून घेणं त्याला जमत नाही. म्हणून तीस मीटरवाल्यांनी निवडली कॉइल. आता बादलीचा प्रश्न. आरशाचं वजन रात्रभर कॉइलने उचलून धरायचं तर ती तापणार, आणि दुर्बिणीत उष्णता म्हणजे नुसतं विजेचं बिल नव्हे. आरशापाशी गरम हवा उठली की तारा थरथरतो, उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरची गाडी थरथरते तसा. मग आरशावर केलेली सगळी मेहनत पाण्यात. उपाय असा की कॉइलच्या जोडीला एक स्प्रिंग ठेवायची. दुर्बीण कलेल तसा आरशाचा भार बदलतो; एक छोटी मोटर स्प्रिंगचा ताण त्याप्रमाणे सावकाश बदलत राहते आणि सगळं ओझं स्प्रिंग घेते. कॉइलकडे उरतं फक्त बारीक आणि तातडीचं. नायगमवालांच्या दुर्बिणीचं उलटं वजन आणि आमच्या प्लेयरच्या चार तारा, दोन्ही यात आले.

ही दुर्बीण मात्र अजून उभी राहिलेली नाही. मौना कीआ हा डोंगर हवाईच्या मूळ रहिवाशांना पवित्र आहे, आणि २०१५ आणि २०१९ मध्ये त्यांच्या विरोधामुळे काम थांबलं. मला दोन्ही बाजू कळतात, त्यामुळे मी कुठल्याच वादात जिंकत नाही.

दुसरं उदाहरण हिंगोली जिल्ह्यातलं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होणार आहे, २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांशी आरसे. अमेरिकेतल्या लायगोत हे आरसे ४० किलोचे आहेत, एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लोलकात टांगलेले, आणि शेवटच्या टप्प्यात आरसा लटकतो तो काचेच्या चार धाग्यांवर. जाडी ०.४ मिलिमीटर. चार, हे वाचून हसू आलं खरं! ओझं धागे आणि गुरुत्वाकर्षण पेलतात. वरच्या टप्प्यांना कॉइल आणि चुंबकं हलकेच ढोसतात. शेवटच्या आरशाला तर चुंबकही चिकटवत नाहीत, कारण चुंबकाबरोबर बाहेरची खळबळही आत येते. तिथे नुसत्या विद्युतभाराच्या ओढीने काम भागवतात. प्रोटॉनच्या व्यासाच्याही हजारांश हालचाल मोजायची असल्यावर तुमचा प्रत्येक धक्का हा गोंगाटच. तिथे बॅटरीची चिंता नाही, तरी जोर कमीत कमी लावायचा.

हे सगळं काकांना सांगायला मला आवडलं असतं. मागच्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो. जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं आणि काचा विकतात. तिथल्या मुलाला विचारलं, इथे रिपेअरवाले काका असायचे. तो म्हणाला, "कोण काका?"

तर परत आमच्या प्लेयरकडे. ट्रेचा रबरी पट्टा सैल पडला होता, तो बदलला. भिंग पुसलं. पहिली सीडी घातली, झाकण उघडंच ठेवून. सीडी फिरायच्या आधी भिंग हळूच वर आलं, खाली गेलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा. सीडीचा पृष्ठभाग शोधत होतं. मग थांबलं, आणि पट्टीवर हिरवी अक्षरं आली, 'नो डिस्क'. चारही तारा शाबूत, दोन्ही कॉइल शाबूत. लेसर म्हातारा झालाय. हेडवरचं ते पॉट मला दिसतंय, बारीक स्क्रूड्रायव्हरही आहे. किती फिरवायचं ते माहीत नाही. काका नखभर फिरवायचे आणि थांबायचे, कुठे थांबायचे ते मी स्टुलावरून कधी पाहिलंच नाही. जास्त फिरलं तर उरलासुरला लेसरही जाईल.

म्हणून आज तरी हात लावलेला नाही. दादा, तुमच्याकडचा काळा प्लेयर भंगारात दिला असेल तर राहू दे, पण नसेल दिला तर कळव. डोंबिवलीच्या मावशीकडेही याच लग्नाच्या सीड्यांचा एक संच होता, तो कुणीतरी बघा. दुसरी सीडी पाहिजे, हळदीची. पहिल्या सीडीत नुसता हॉल आणि फुलांची सजावट आहे.